बाणाचं टोक

शाळेतून आलेल्या कागदावर एक सूर्य छापलेला होता, एक झाड आणि एक मुलगा. मुलाला झाड कसं दिसतं ते बाण काढून दाखवायचं. चौथीतल्या आमच्या चिरंजिवांनी दोन बाण काढले होते. पहिला सूर्याकडून झाडाकडे. दुसरा मुलाच्या डोळ्यातून निघून झाडाकडे. दोन्ही टोकं झाडात रुतलेली.

जानेवारीतला शनिवार होता, बाहेर उणे वीस. आई-बाबा नोव्हेंबरात रावेरहून आमच्याकडे, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला आलेत, सहा महिन्यांसाठी. बाबा ३५ वर्षं विज्ञान शिकवून २०१० साली निवृत्त झाले; खिशातलं लाल पेन मात्र अजून सेवेत आहे. ते उघडून ते दुसऱ्या बाणावर वाकले, तेवढ्यात मी कागद ओढला.

“खोडू नका, बाबा.”

“का? चूक आहे ना?”

“चूक आहे म्हणूनच. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते इथं उमटलंय. तुम्ही खोडलंत तर कागदावरून जाईल, डोक्यातून नाही.”

“मग डोक्यातून कशानं जाईल? आरती ओवाळून?”

मीही मास्तरीणच. इथल्या एका मिडल स्कूलमध्ये सहावी-सातवीला सायन्स शिकवते. दोन मास्तर एका टेबलाशी बसले की चहा थंड होतो, तसा तो झाला.

“अगं, यात अवघड काय आहे?” बाबा म्हणाले. “सूर्याचा प्रकाश झाडावर पडतो, तिथून परावर्तित होतो, डोळ्यात शिरतो. तीन वाक्यं. एकदा नीट आकृती काढून दे, पाच वेळा काढायला लाव, झालं. तुमच्याकडे आधी पोरालाच विचारणार, तुला काय वाटतं? त्याला ठाऊक असतं तर तो शाळेत कशाला आला असता?”

“ठाऊक नसतं, पण वाटत काहीतरी असतंच. पाटी कोरी नसते, हीच तर सगळी भानगड आहे.”

मी त्यांना ‘चिल्ड्रेन्स आयडियाज इन सायन्स’ या पुस्तकाविषयी सांगितलं. लीड्सच्या रोझलिंड ड्रायव्हर आणि त्यांच्या दोन फ्रेंच सहकाऱ्यांनी १९८५ साली ते काढलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना विचारलं, या खोलीत प्रकाश कुठं आहे? बरीच मुलं दिव्याकडे बोट दाखवतात, नाहीतर भिंतीवरच्या उजळ पट्ट्याकडे. दिवा आणि पट्टा यांच्या मधल्या हवेतून काहीतरी चाललंय, हे त्यांच्या हिशेबातच नसतं. मग झाडावरून डोळ्यापर्यंत काही येतं, हे कुठून असणार? त्यांच्या लेखी उजेडाचं काम झाड उजळण्यापुरतं. पुढचं काम डोळ्याचं.

“म्हणजे आमच्या आईसारखं,” बाबा म्हणाले. “ती म्हणायची, कंदील लाव, मग मी बघते.”

चिरंजीव तेवढ्यात खाली आले. आपल्या बाणावर चर्चा चाललीय हे कळल्यावर त्यांनी पुरावाच ठेवला. परवा रात्री पायोनियर ट्रेलवरून येताना रस्त्याकडेला हरणं उभी होती, त्यांच्या डोळ्यांतून लाइट येत होता. हिरवट. आजोबांनीही पाहिला होता.

बाबा खूश झाले. निवृत्तीनंतर ते दर्शनं वाचायला लागलेत. “हे तर न्यायसूत्रांत आहे! डोळा हे इंद्रिय तेजाचं बनलेलं, त्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, असं नैयायिकांचं म्हणणं. कुणी विचारलं, मग ते किरण आम्हाला दिसत का नाहीत? तर म्हणाले, रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांत बघा, दिसतात. तुझ्या पोरानं स्वतःच्या अकलेनं न्यायसूत्रकार गौतमापर्यंत मजल मारली.”

“आणि बौद्धांनी काय म्हटलं तेही सांगा की.”

“बौद्ध आणि जैन म्हणाले, डोळा वस्तूला भिडतच नाही. नाक, जीभ, त्वचा भिडतात. डोळ्याचं तसं नाही.” मग नातवाकडे वळून: “आपण गाडीचे दिवे बंद केले असते, तर हरणाच्या डोळ्यांतला लाइट राहिला असता का रे?”

तो विचारात पडला. हरणाच्या डोळ्यात पडद्यामागे एक चकचकीत थर असतो, तो आपल्याच गाडीचा उजेड परत फेकतो, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाबांनी विचारलं होतं, सांगितलं नव्हतं. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

अकराच्या सुमाराला तो ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढायला बाहेर गेला. इथं हिवाळ्यात भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही. २१ डिसेंबरला तो क्षितिजापासून जेमतेम बावीस अंशांवर चढतो. रावेरला त्याच दिवशी पंचेचाळीस. त्यात स्वच्छ आकाश आणि रात्री पडलेला कोरा बर्फ. पाच मिनिटांत पोरगा डोळे चोळत आत. डोळे झोंबतायत म्हणाला.

बाबांनी त्याला खुर्चीवर बसवलं. “डोळे दुखले?”

“हो.”

“तुझ्या डोळ्यातून काहीतरी बाहेर जात होतं म्हणतोस. बाहेर जाणाऱ्यानं डोळा दुखेल का?”

तो गप्प. मीही गप्प, कारण हजार वर्षांपूर्वी कैरोत इब्न अल-हैथम यांनी ‘किताब अल-मनाझिर’मध्ये, तेही पहिल्याच भागात, हाच मुद्दा मांडला होता. प्रखर उजेडाकडे बघितलं की डोळ्याला त्रास होतो, नजर काढून घेतली तरी उजेडाचा ठसा डोळ्यात राहतो. म्हणजे प्रकाश डोळ्यावर काहीतरी करतो. युक्लिड आणि टॉलेमी यांचे डोळ्यातून निघणारे किरण तिथून मागं पडत गेले. कैरोत बर्फ नव्हता, सूर्य होता.

“बाबा, तुम्ही आत्ता माझ्या पद्धतीनं शिकवलंत.”

“छे. मला उत्तर माहीत होतं, त्याच्याकडे मी त्याला ढकललं. तुझ्या पद्धतीत पोरगा स्वतः चालत जातो, आणि बहुतेक वेळा भलतीकडेच जातो.”

इथं माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. वर्गात मी चाळीस मिनिटं मुलांचं ऐकत बसते आणि घंटा होते, असं कितीदा झालंय. पण नुसतं सांगून काय होतं, तेही मला दाखवायचं होतं. आईचं पंचांग वाचायचं भिंग घेतलं, खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवला. भिंग पुढं-मागं करता करता कागदावर चित्र उतरलं: शेजाऱ्याचं छप्पर, निष्पर्ण मेपल, बर्फाचा उतार. सगळं उलटं आणि रंगीत. बर्फ वर, आभाळ खाली. कुरिअरची गाडी आली तीसुद्धा चाकं वर करून गेली. पोरगा तर मान वाकडी करून बसला. डोळ्याच्या पडद्यावरही असंच उलटं चित्र पडतं, हे केप्लर यांनी १६०४ साली मांडलं. मेंदूचं पुढं कसं, ते त्यांनी सोडून दिलं, शहाणपणानं.

“आता मी पुठ्ठ्यानं अर्धं भिंग झाकते. चित्राचं काय होईल?”

“अर्धं जाईल,” पोरगा.

“पूर्ण राहील, अंधुक होईल,” बाबा. “मला काय विचारतेस?”

पुठ्ठा धरला. मेपल पूर्ण, छप्पर पूर्ण, सगळं थोडं मंद. पोरगा पुठ्ठ्यामागं डोकावून आला, फसवणूक आहे का बघायला.

“तुमच्या आकृतीत भिंगातून दोन किरण जातात ना, बाबा? एक अक्षाला समांतर, एक मध्यातून. मुलं त्या दोन रेघाच खऱ्या धरतात. वरची रेघ अडवली की वरचं चित्र गेलं. वॉशिंग्टन विद्यापीठात गोल्डबर्ग आणि मॅकडरमट यांनी १९८७ साली हाच प्रश्न छापला. कॉलेजातलं फिजिक्स शिकून आलेली मुलंसुद्धा अर्धं चित्र जाईल म्हणाली. भिंगच काढून घेतलं तरी चित्र पडद्यावर राहील, असं म्हणणारेही निघाले. आकृत्या काढता येणारेही त्यात होते.”

बाबा भिंतीवरचं उलटं आभाळ बघत होते. “हे चित्र आपण कुठं पाहिलंय सांगू? शाळेच्या मागच्या लिंबाखाली.”

आणि त्यांनी १९९५ ची गोष्ट काढली, ती मला पाठ आहे. २४ ऑक्टोबर, दिवाळीच्या सुट्टीतलं सूर्यग्रहण. उत्तरेत खग्रास, आमच्याकडे खंडग्रास. गावानं दारं लावून घेतली होती. बाबांनी दहा-बारा पोरांना सकाळी कडुनिंबाखाली उभं केलं. पानांमधून जमिनीवर कवडसे पडतात, ते गोल का? फट कधी तिकोनी, कधी वाकडी, मग कवडसा गोलच का? प्रत्येक कवडसा हे सूर्याचं चित्र आहे, म्हणून. हे त्यांनी आधी सांगून ठेवलं. मग ग्रहण चढलं आणि लिंबाखालचे सगळे कवडसे चंद्रकोरी झाले. शेकडो कोरी, पोरांच्या शर्टांवर, बाबांच्या हातावर.

“बघा,” मी म्हटलं, “तिथं पोरांनी स्वतः पाहिलं. कुणी पाठ करून घेतलं नाही.”

“पाहिलं, कारण मी सांगितलं होतं. ती पोरं जन्मापासून लिंबाखाली खेळत होती, त्यांचे आजे-पणजे खेळले. कवडसा गोल असतो हे कुणाला दिसलं? गोलच दिसलं नाही, तर कोर झाली हे काय दिसणार? आधी सांगावं लागतं, मग दिसतं.”

माझ्या मते त्यांचा हा मुद्दा सगळ्यात भक्कम आहे. मला तो आवडत नाही, एवढंच.

जेवण झालं. आईनं मध्येच दोघांना गप्प केलं, नातवाला बर्फात दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळायला घेतल्या. मिरच्या तव्यावर टाकणार तोच मी धूर-अलार्मकडे बोट दाखवलं. दृष्ट सिंकमध्ये गेली.

दुपारी मी बाबांना खालच्या बाथरूमच्या आरशासमोर उभं केलं.

“स्वतःला कुठपर्यंत दिसताय?”

“स्वेटरच्या तिसऱ्या बटणापर्यंत.”

“पँट बघायची असेल तर?”

“मागं सरकायचं.” ते सरकले. दारापर्यंत, मग पॅसेजमध्ये, मग भिंतीला टेकेपर्यंत. आरशात ते लहान झाले, पण तळाशी तिसरंच बटण. पुन्हा पुढं आले. तिसरंच.

त्यांनी चष्मा पुसला. “सपाट आरशात पूर्ण दिसायला उंचीच्या निम्मा आरसा लागतो. मी ३५ वर्षं फळ्यावर सिद्ध करून दाखवलं. त्यात अंतर कुठंच येत नाही.”

“आणि ३५ वर्षं दाढी करताना?”

“मागं सरकत होतो.” मग थोडं थांबून: “पण याचा अर्थ माझी आकृती बरोबर होती. चुकलो मी. आकृती टाकून देण्यासारखं काही झालेलं नाही.”

असा माणूस वर्गात असला की शिक्षकाची परीक्षा असते. मला आता माझं हुकमी पान टाकायचं होतं. ओहायो स्टेट विद्यापीठातले जेराल्ड वायनर आणि जेन कॉट्रेल यांनी वर्षानुवर्षं कॉलेजच्या मुलांना चित्रं दाखवून विचारलं: बघताना डोळ्यात काही येतं, डोळ्यातून काही जातं, की दोन्ही? प्रश्न बदलला की आकडा बदलतो, पण बरेचदा निम्म्याच्या आसपास मुलं ‘जातं’ किंवा ‘दोन्ही’ म्हणतात. २००२ साली त्यांनी हे सगळं एकत्र मांडलं. ही कल्पना चूक आहे असं मुद्दाम शिकवलं, तर मुलं लगेच सुधारतात आणि काही महिन्यांनी पुन्हा जुन्या उत्तरावर येतात.

“म्हणजे सांगून जात नाही, बाबा. तुमची तीन वाक्यं.”

“त्यांना प्रश्न कळला होता का?”

“म्हणजे?”

“हा बाण बघ.” त्यांनी सकाळचा कागद पुढं ओढला. “तू म्हणतेस हा प्रकाशाचा बाण आहे आणि उलटा आहे. मी म्हणतो हा प्रकाशाचा बाणच नाही. मुलगा कुठं बघतोय, ते दाखवणारा बाण आहे. नजरेचा. नजर त्याच दिशेला जाते की नाही? आपण नजर टाकतो, फिरवतो, रोखतो, नजरेला नजर भिडवतो. हे म्हणणारा प्रत्येक माणूस काय डोळ्यातून किरण सोडतो? त्याला बिचाऱ्याला ‘सी’ विचारलं, त्यानं मनात ‘बघणे’ केलं आणि बघण्याचा बाण काढला.”

आता मात्र मी ऐकायला लागले. बाबा १९७५ च्या सुमाराला नोकरीला लागले, तेव्हाच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची माणसं मुंबईहून जवळच्या खिरोद्याला काम करत होती. केंद्र जेमतेम वर्षाचं. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हापासून एक गोष्ट लावून धरली: खेड्यातली मुलं विज्ञानात अडतात ती बरेचदा विज्ञानात नाही, पुस्तकाच्या भाषेत अडतात, भाषा सोपी केली की तीच मुलं पुढं जातात. त्याच केंद्रातल्या जयश्री रामदास यांनी पुढं लीड्सला ड्रायव्हर यांच्याबरोबर मुलांच्या प्रकाशाविषयीच्या कल्पनांवर अहवाल लिहिला, १९८९ साली. मी सकाळी ज्या लीड्सचं नाव घेऊन बाबांना गप्प करू बघत होते, तिथं रावेर तालुक्यातून एक पायवाट जात होती.

“मराठीत दोन क्रियापदं आहेत,” बाबा म्हणाले. फळा असता तर ते उठले असते. “मी झाड बघतो. कर्ता मी. पण, मला झाड दिसतं. कर्ता कोण? झाड. झाड दिसतं, नदी दिसली, डोंगर दिसला. क्रियापद त्यांच्या मागं चालतं. मी फक्त ‘मला’. आता बाण कुणीकडून कुणीकडे?”

“झाडाकडून माझ्याकडे.”

“मग विचार त्याला मराठीत.”

“आणि याच मराठीत दृष्ट लागते, दृष्टिक्षेप होतो. भाषा काही पदार्थविज्ञान शिकवायला जन्मलेली नाही, बाबा. दिसणे म्हणणारी माणसं पिढ्यानपिढ्या नैयायिकांचंच ऐकत होती.”

“विचार तर.”

कोऱ्या कागदावर मी तेच चित्र काढलं. पोराला बोलावलं आणि ‘दिसतं’ या शब्दावर अजिबात जोर न देता विचारलं: या मुलाला झाड कसं दिसतं, बाण काढ. त्यानं सूर्याकडून झाडाकडे काढला. पेन्सिल झाडावर टेकवून थांबला. मग झाडाकडून डोळ्याकडे काढला. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण त्यांचा पाय टेबलाखाली हलायला लागला. तेवढ्यात पोरानं तिसराही काढला: डोळ्याकडून झाडाकडे, सकाळचाच.

“हा कसला रे?”

“त्यानं बघितलंच नाही तर दिसेल कसं?”

बाबा म्हणाले, पैकीच्या पैकी. मी म्हटलं, निम्मे. तो बाण प्रकाशाचा की नजरेचा, हे त्यानं वेगळं केलेलं नाही, त्याला अजून दोन्ही एकच वाटतात. सकाळी खोडायला निघालेला माणूस आता बाणाची वकिली करत होता आणि खोडू नका म्हणणारी मी मार्क कापत होते. आई चहा ठेवून गेली, काही बोलली नाही.

एक गोष्ट राहिली होती. मी पोराला विचारलं, ठार अंधारात फ्रिजमधलं सफरचंद दिसेल? “डोळ्यांना सवय झाली की दिसेल,” तो ठामपणे म्हणाला. यात त्याचा दोष नाही. या गावातल्या मुलानं ठार अंधार पाहिलेलाच नसतो. खोलीत अलार्मचा हिरवा ठिपका, घड्याळाचे आकडे. बाहेर बर्फ आणि ढग मिळून दिव्यांचा उजेड रात्रभर एकमेकांकडे टोलवत राहतात. त्याचा अनुभव सांगतो की थोडं थांबलं की दिसतंच. आमच्या लहानपणी भारनियमनाच्या अवसेला केळीच्या बागेत स्वतःचा पाय दिसायचा नाही. बाबांच्या पोरांना हा धडा वीज मंडळानं शिकवला.

तेव्हा बेसमेंटमधली जिन्याखालची कोठी. खिडकी नाही. दाराच्या फटीला टॉवेल लावला, फोन बाहेर ठेवले. बाबांच्या घड्याळाचे काटे चमकत होते, तेही काढून बाहेर. फळीवर सफरचंद, हनीक्रिस्प, लालभडक. इथल्याच मिनेसोटा विद्यापीठानं १९९१ साली बाजारात आणलेली जात. (“केळं चाललं नसतं का?” बाबा.) दार लावलं.

पहिली दोन-तीन मिनिटं सगळे आपापल्या श्वासाकडे लक्ष देऊन. “दिसतंय?” “अजून नाही. थांबा.” पाच मिनिटं. “अजून सवय नाही झाली.” सात-आठ. बाबांच्या गुडघ्याचा आवाज आला, ते खाली बसले असावेत. “आई, सफरचंद नाही दिसत,” पोरगा शेवटी म्हणाला, जरा नाराजीनं. मी मनात एक रेघ मारली, माझ्या बाजूला.

“पण मला माझा हात दिसतोय.”

“कसा?”

“असा, हलवला की. काळा काळा.”

मला याचं उत्तर माहीत होतं. रॉचेस्टर विद्यापीठात, न्यूयॉर्क राज्यातल्या, आमच्या शेजारच्या मेयो क्लिनिकवाल्या गावात नव्हे, २०१३ साली हे मोजून झालंय. ठार अंधारात आपलाच हात डोळ्यांपुढं हलवला, तर निम्म्या तरी लोकांना तो हलताना दिसतो. हात कुठं चाललाय हे मेंदूला आतून ठाऊक असतं, आणि तो डोळ्यांची वाट न बघता चित्र काढून मोकळा होतो. उजेडाचा एक कण आत आलेला नसतो. मी सांगायला तोंड उघडलं.

खालून स्वेटरच्या बाहीची सळसळ ऐकू आली. एकदा, मग पुन्हा.

“अगं,” बाबा हळूच म्हणाले, “मलाही दिसतोय.”